घर विकणारा कागद : हँडबिल, माहितीपत्रक आणि छापील शब्दाची जबाबदारी



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ला, लढाई, ताम्रपट असं काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. आज मात्र आपण एका अगदी साध्या कागदाचा इतिहास बघणार आहोत. सकाळी पेपर उलगडला की त्याच्या पोटातून एक रंगीत कागद खाली पडतो. त्यावर उंच इमारत, निळं आकाश, दारात गाडी, हिरवळीवर खेळणारी मुलं, आणि तळाशी मोबाइल नंबर. फ्लॅट विकणे आहे, रो-हाऊस विकणे आहे, प्लॉट विकणे आहेत. आपण तो उचलतो, क्षणभर बघतो, आणि पुढे तो कपाटाच्या फळीवर अंथरला जातो नाहीतर रद्दीत जातो.

सोयगाव घाटाच्या पायथ्याशी आहे. जिल्ह्याचं शहर घाट चढून वर, आणि जळगाव-पाचोऱ्याची बाजारपेठ खाली. म्हणजे शहरात घर घ्यायचं मनात आलं की इथल्या माणसापुढे दोन दिशा असतात, आणि बहुधा दोन्हीकडची घरं त्याला पहिल्यांदा कागदावरच दिसतात. कपाशीचे आलेले पैसे, नोकरीतून निवृत्त होताना मिळालेला फंड, ‘पोरगं शिकायला शहरात आहेच तर खोलीचं भाडं भरत बसण्यापेक्षा छोटा फ्लॅटच घेऊन टाकू’ हा हिशोब, या सगळ्याची सुरुवात अशा एखाद्या कागदापासून होते. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी, आणि तिची पहिली पायरी म्हणजे फुकट वाटलेलं पत्रक.

म्हणून आजचा प्रश्न एवढाच आहे : त्या कागदावर जे छापलेलं असतं, त्याला कोण बांधील असतं? उत्तर दर काळात बदलत गेलं आहे, आणि ते का बदललं हेच आपल्याला पाहायचं आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं : घरं बांधण्याआधीच विकली जायला लागली, तेव्हापासून या कागदाला खरं वजन आलं. कारण घेणाऱ्याला दिसणारं घर तेवढंच होतं.

घर समोर, शब्द त्याच्या शेजारी

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात. तिथल्या सोळाव्या लेण्याच्या दर्शनी भागात एक संस्कृत शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने हे लेणं पाचव्या शतकात भिक्षुसंघाच्या राहण्यासाठी दिलं, असं त्यात सांगितलं आहे. लेखाचा मोठा भाग राजवंशाच्या स्तुतीचा आहे. पण पुढे जे येतं ते आपल्या कामाचं. लेण्याला खिडक्या आहेत, दारं आहेत, सुंदर चित्रवीथी आहेत, खांब आणि पायऱ्या आहेत, आत बुद्धाचं मंदिर आहे, पाण्याचं मोठं टाकं आहे, अशी वास्तूची वैशिष्ट्यं एकामागून एक मांडली आहेत.

आता हे दान होतं, विक्री नव्हती, हे विसरायचं नाही. तरीही राहण्याच्या जागेचं इतकं तपशीलवार कौतुक वाचलं की आजच्या माहितीपत्रकातली सोयींची यादी आठवल्याशिवाय राहत नाही. फरक मात्र महत्त्वाचा आहे. तो लेख त्या वास्तूच्याच अंगावर कोरलेला आहे. वाचणारा मान वळवून बघू शकतो : खांब आहेत का, आहेत, चित्रं आहेत का, आहेत. शब्द आणि घर एकाच जागी. शब्द जास्त बोलला तर घर त्याला तिथल्या तिथे खोटं पाडतं.

जुन्या काळी घराच्या खरेदीतही हीच पद्धत होती. गावात घर किंवा वाडा विकायचा तर तो सगळ्यांनी पाहिलेला असायचा. कोणाची भिंत सामाईक आहे, कोणत्या भावाचा हिस्सा बाकी आहे, कोणाकडे गहाण आहे, हे गावाला ठाऊक असायचं. खरेदीखतात चतुःसीमा लिहीत : पूर्वेला अमक्याचं घर, दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला तमक्याचा वाडा. चतुःसीमा म्हणजे शेजाऱ्यांची साक्षच. तिथे जाहिरातीला काही काम नव्हतं.

दवंडीचा प्रामाणिकपणा

जाहीरपणे सांगायची वेळ यायची ती सक्तीच्या विक्रीत. कर्ज थकलं, कोर्टाचा हुकूमनामा झाला, घर जप्त झालं, की दवंडी पिटली जायची. ही नुसती गावची रूढी नव्हती, कायद्यातही ती लिहिलेली आहे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या जागी ढोल वाजवून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे जाहीर करावा, आणि त्याची प्रत त्या मालमत्तेवर आणि कोर्टाच्या इमारतीवर ठळक जागी लावावी, असं सांगितलं आहे. लिलावाच्या जाहीरनाम्यात काय असावं, हेही तिथे दिलं आहे : मालमत्तेचं वर्णन, तिच्यावरचा सारा, तिच्यावर असलेला बोजा, वसूल करायची रक्कम, आणि घेणाऱ्याला तिची जात आणि किंमत ठरवायला जे जे कळणं गरजेचं आहे ते सगळं.

जरा थांबून याचा विचार करू. घराचे दोष आणि त्यावरचं कर्ज लोकांना सांगायची सक्ती आधी कोर्टाच्या लिलावावर आली. खाजगी विक्री करणाऱ्याच्या छापील कागदावर अशी सक्ती यायला पुढे बराच काळ जावा लागला.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. सोयगावचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारचं पाचोरा, जामनेर इंग्रजांच्या खानदेशात. काही कोसांवर कायदा बदलायचा, कचेरीची भाषा बदलायची. इकडे उर्दू, तिकडे इंग्रजी आणि मराठी. खरेदीखताचा मसुदा लिहिणारा माणूस वेगळा, शब्द वेगळे. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्यामुळे घराच्या कागदाचा पुढचा इतिहास घडला तो आधी मुंबईत. आपल्याकडे तो नंतर आला, पण आला तेव्हा तयार होऊनच आला. म्हणून आता थोडं मुंबईला जाऊ.

छापखाना आला, घराचं पत्रक नाही आलं

गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. म्हणजे या छपाईला दोनशे वर्षं व्हायला आली. या काळात नाटकाचं हँडबिल आलं, औषधाचं आलं, सभेचं आलं, कीर्तनाचं आलं. पण घर विकण्याचं पत्रक असं काही मोठ्या प्रमाणावर दिसत नाही. कारण साधं आहे. शहरातली बहुसंख्य माणसं घर विकत घेतच नव्हती. ती भाड्याने राहत होती. चाळीतली खोली मिळायची ती गाववाल्याच्या ओळखीने, आणि पगडीची पद्धत आल्यावर पगडी देऊन. खोली आहे हे सांगायला दाराबाहेर एक पाटी पुरत होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाटीची वस्ती मोडून रस्ते काढणं आणि उत्तरेला दादर-माटुंगा भागात नवे प्लॉट पाडणं ही त्याची कामं. इथे पहिल्यांदा आखीव नकाशावरून जागा घेणं मध्यमवर्गाच्या ओळखीचं झालं. रस्ता अजून मातीचा, झाडं अजून लावायची, पण नकाशात सगळं आहे.

यानंतर १९१५ हे साल लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहसंस्थांमधली ही अग्रगण्य. आणि त्याच वर्षी तिकडे लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वेने ‘मेट्रो-लँड’ नावाची पुस्तिका काढायला सुरुवात केली. या रेल्वेकडे आपल्या मार्गाच्या कडेला बरीच जमीन होती. तिथे घरं झाली तर घरांचे पैसे मिळणार आणि रोजचे प्रवासीही मिळणार. म्हणून झाडी, फुलं, टुमदार घरं यांची रंगीत चित्रं असलेली ही पुस्तिका १९३२पर्यंत निघत राहिली. शहराच्या धुरापासून लांब, तरी आगगाडीने कामावर जायला सोपं, हा तिचा सूर. आजच्या आपल्या पत्रकात ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ आणि ‘शहरापासून फक्त काही मिनिटांवर’ हे दोन्ही एकाच ओळीत असतं ना, त्याची घराणी इतकी जुनी आहे.

एकाच वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. गावदेवीच्या संस्थेचा महत्त्वाचा कागद म्हणजे तिचे पोटनियम आणि सभासदांची यादी. सभासद एकमेकांना ओळखणारे, पैसे त्यांचे, इमारत त्यांची. तिथे कोणी कोणाला भुलवायचं कारण नव्हतं. लंडनची पुस्तिका मात्र अनोळखी माणसाला उद्देशून होती. पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडे वाढला तो दुसरा प्रकार. तो का वाढला, तेही बघू.

न बांधलेलं घर विकायला निघालं

युद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली, आणि फाळणीनंतर निर्वासितांमुळे ती आणखी वाढली. मुंबईच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं साधारणपणे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूंना संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की भाड्यासाठी नवी चाळ, नवी इमारत बांधणं परवडेना. मग बांधणाऱ्याने वेगळा मार्ग काढला. भाड्याने द्यायचंच नाही. एकेक ब्लॉक मालकी हक्काने विकायचा. आणि इमारत बांधायला स्वतःचे पैसे कशाला हवेत? घेणाऱ्यांकडूनच हप्त्याहप्त्याने घ्यायचे. पाया झाला की एक हप्ता, पहिला स्लॅब पडला की दुसरा.

‘ओनरशिप’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो इथून. पुण्यात १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे वाहून गेले, आणि वाडा संस्कृतीतल्या अनेक कुटुंबांना नव्या वसाहतींकडे जावं लागलं. शहरं वाढत होती, घर घेणारा वाढत होता.

आता घेणाऱ्याची अवस्था बघा. तो ज्याचे पैसे भरतोय ते घर अजून नाही. जागेवर गेलं तर खड्डा आहे, पत्र्याचं कुंपण आहे, वाळूचा ढीग आहे. शेजाऱ्याला विचारावं तर शेजारी नाही. चतुःसीमा आहे, पण त्या चार सीमांच्या आत काहीच नाही. अजिंठ्याच्या वाचकासारखी मान वळवून बघायची सोय राहिली नाही. मग तो काय बघणार? छापील नकाशा, छापील चित्र, छापील यादी.

या व्यवहारात गैरप्रकार माजले, म्हणून महाराष्ट्राने १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. बांधकाम, विक्री, व्यवस्थापन आणि हस्तांतर यांतल्या लबाड्यांना आळा घालणं हा त्याचा उघड हेतू होता, आणि तो राज्यात टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. जमिनीच्या मालकीची कागदपत्रं दाखवा. मंजूर नकाशे दाखवा. आगाऊ पैसे घेण्याआधी लेखी करार करा आणि त्याची नोंदणी करा. घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. नकाशा दाखवल्यावर सदनिकेत घेणाऱ्याच्या संमतीशिवाय फेरफार करू नका, अशी त्याची कलमं आहेत.

त्यातली एक तरतूद आपल्या विषयाची आहे. सदनिकेची जाहिरात करताना त्या जाहिरातीतच चटई क्षेत्र किती, बाल्कनी वेगळी किती, किंमत किती आणि त्यात सामाईक जागेचा वाटा किती, सामाईक सोयी कोणत्या, हे सांगितलं पाहिजे. म्हणजे दवंडीवर जी सक्ती होती, तिच्या जातीची सक्ती आता खाजगी जाहिरातीवर आली. पाळली किती गेली, हा वेगळा प्रश्न. जुनी पत्रकं काढून बघितली तर चटई क्षेत्र हा शब्द शोधावा लागतो.

ट्रेडलपासून आर्ट पेपरपर्यंत

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, औरंगाबादला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे वाळूजची झाली. बजाजचा कारखाना तिथे १९८५ साली सुरू झाला. कामगार आले, अभियंते आले, त्यांच्यामागे बँका, शाळा, दवाखाने आले. सिडकोची स्थापना १९७०ची. तिने १९७०च्या दशकात औरंगाबादच्या पूर्वेकडे नवी वसाहत आखायला घेतली. एन-१, एन-२ अशी त्या भागांची नावं आजही चालू आहेत. मराठवाड्यातल्या आणि सोयगाव-सिल्लोड-कन्नडच्या कितीतरी कुटुंबांसाठी शहरातलं पहिलं घर म्हणजे सिडकोतलं घर.

सरकारी घराचा कागद म्हणजे माहिती पुस्तिका. साधा कागद, काळी शाई, अर्जाचा नमुना, उत्पन्न गट, अनामत रक्कम, क्षेत्रफळ, हप्ते, नियम. चित्र असलंच तर रेघांचा नकाशा. ती वाचायला कंटाळवाणी असायची, पण तिच्यातला आकडा तपासता यायचा.

खाजगी बांधणाऱ्याचा कागद मात्र हळूहळू सजत गेला. आधी खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर छापलेलं गुलाबी किंवा पिवळ्या पातळ कागदाचं हँडबिल. त्यात चित्र टाकायचं तर धातूचा ब्लॉक करावा लागायचा, त्याचा खर्च वेगळा. म्हणून शब्दांवरच भागवायचे : ‘त्वरा करा’, ‘थोडेच ब्लॉक शिल्लक’. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. मग ऑफसेट आलं, संगणकावर मजकूर जुळवणं आलं, आणि रंगीत छपाई आवाक्यात आली. तीन घड्यांचं फोल्डर, आर्ट पेपर, चकचकीत मुखपृष्ठ. १९७७ साली एच.डी.एफ.सी. ही घरकर्जासाठीची संस्था निघाली आणि पुढे बँकाही या कर्जात उतरल्या, तेव्हा पत्रकावर ‘कर्जाची सोय उपलब्ध’ ही ओळ आली. या ओळीने फार मोठं काम केलं. ज्याला घर परवडणारच नाही असं वाटत होतं, त्याच्या हातातही हा कागद राहायला लागला.

रंगीत चित्राबरोबर कागदाची एक स्वतःची भाषा तयार झाली. ‘नियोजित रस्ता’ म्हणजे आज नसलेला रस्ता. ‘प्रस्तावित शाळा’ म्हणजे आज नसलेली शाळा. अंतर किलोमीटरमध्ये सांगायचं नाही, मिनिटांत सांगायचं. मिनिटं कोणत्या वाहनाची आणि दिवसाच्या कोणत्या वेळची, ते सांगायचं नाही. नकाशा ‘प्रमाणात नाही’, म्हणून बसस्टँड आणि इमारत शेजारी-शेजारी. आणि क्षेत्रफळाचे तीन शब्द : कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. समजा पत्रकावर १,००० चौरस फूट सुपर बिल्टअप लिहिलं आहे आणि जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा म्हणून चटई क्षेत्रावर ३० टक्के चढवले आहेत. तर प्रत्यक्ष पाय ठेवायला मिळणारी जागा साधारण ७६९ चौरस फूट. पैसे भरले हजाराचे, सतरंजी पसरली पावणेआठशेची. ते ३० टक्के कोणी ठरवले? कागद छापणाऱ्याने.

आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात एक ओळ : चित्र कलाकाराच्या कल्पनेतलं आहे, तपशिलात बदल करण्याचा हक्क राखून ठेवला आहे. म्हणजे वरच्या सगळ्या पानाने जे दिलं, ते या एका ओळीने परत घेतलं.

कागद कोर्टात साक्ष द्यायला लागतो

बराच काळ विकणाऱ्याचं म्हणणं असं असायचं की पत्रक म्हणजे नुसतं आमंत्रण. करार झाला तो वेगळ्या कागदावर, आणि त्यात बाग-शाळा काही लिहिलेलं नाही. घेणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळत गेलं टप्प्याटप्प्याने.

१९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ साली त्याच्या दुरुस्तीत ‘सेवा’ या शब्दात घरबांधणीचा समावेश झाला, आणि त्याच वर्षी लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही घर बांधून देणं ही सेवा आहे हे मान्य केलं. आता घर घेणारा ग्राहक मंचाकडे जाऊ शकत होता. २०१०मध्ये मुंबईच्या एका गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा मोफाखाली वेगळी सदनिका म्हणून विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे. कितीतरी पत्रकांवर ‘पार्किंग वेगळं’ असा भाव छापलेला असायचा, त्याला हे उत्तर होतं.

मग आला २०१६चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो. महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण २०१७पासून काम करतं आहे. या कायद्याने जाहिरातीची व्याख्याच रुंद केली : कोणत्याही माध्यमातली जाहिरात, सूचना, परिपत्रक किंवा इतर कागद, सगळं त्यात आलं. नोंदणीपात्र प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरात करायची नाही. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता छापायचा. आणि कलम १२ : जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाने भरपाई द्यायची, घेणाऱ्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर त्याचे सगळे पैसे व्याजासह परत करायचे. क्षेत्रफळाचा घोळही मिटवला. विक्रीला आधार चटई क्षेत्राचा, आणि चटई क्षेत्र म्हणजे काय ते कायद्यातच लिहिलं.

२४ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात याच दिशेने पुढचं पाऊल टाकलं. विकासक घर विकताना आजूबाजूच्या सोयींचं चित्र दाखवतो, त्या भरवशावर लोक घर घेतात. पुढे त्या सोयी देणं परवडत नाही म्हणून घेणाऱ्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, दिलेल्या शब्दाला विकासकाने जबाबदार राहिलं पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. आणि १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक केलं. मोबाइल धरला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. मधल्या काळात तुटलेला धागा पुन्हा जोडायचा हा प्रयत्न आहे. घर समोर नाही, पण निदान त्याचा मंजूर नकाशा तरी कागदाच्या शेजारी येऊन बसला.

जाळ्याच्या बाहेर राहिलेले कागद

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आपण शहरात नाही, तालुक्याच्या गावात बसलो आहोत, म्हणून पुढचंही बोललं पाहिजे.

रेराची नोंदणी सगळ्यांना लागत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सगळे टप्पे धरून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीचं बंधन नाही. शिवाय हे बंधन मुळात नियोजन क्षेत्रातल्या प्रकल्पांना आहे. त्याबाहेरच्या प्रकल्पाला प्राधिकरण नोंदणी करायला सांगू शकतं, पण तसा आदेश काढावा लागतो. म्हणजे जिथे गाव हळूहळू शहराकडे सरकतं आहे, शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात आहेत, तिथे कायद्याचं जाळं विरळ आहे.

आणि आपल्या हातात येणारे बरेच कागद त्याच पट्ट्यातले असतात. ‘हप्त्याने प्लॉट’, ‘हायवे टच’, ‘एन.ए. होणार’. मराठीत क्रियापदाचा काळ फार काही सांगून जातो. ‘एन.ए.’ आणि ‘एन.ए. होणार’ यांत आयुष्यभराच्या बचतीएवढं अंतर आहे. शेतजमिनीचे बारीक तुकडे करून विकायला १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने आडकाठी घातली. तरी शहरांच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, त्यावर घरं झाली, आणि ती नियमात बसवण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. त्या वस्त्यांमधल्या माणसांनी रस्त्यासाठी, नळासाठी, गटारीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. त्यांनी फसायचं ठरवलं नव्हतं. त्यांनाही कोणीतरी आखीव रस्त्यांचा नकाशा दाखवला होता. फक्त तो मंजूर नव्हता.

म्हणून असा कागद हातात आला की तो इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखा वाचायला हवा. कोणी छापला? कधी? कोणासाठी? त्यात नोंदणी क्रमांक आहे का, आणि नसेल तर का नाही? अकृषिक आदेशाचा आणि मंजूर लेआऊटचा क्रमांक आणि तारीख आहे का? ‘सातबारा’ म्हटलं आहे तर तो स्वतंत्र की सामाईक? रस्ता किती फुटांचा, आणि तो मंजूर नकाशात आहे की फक्त चित्रात? हे प्रश्न विचारल्यावर चिडणारा विक्रेता असेल, तर त्याच्या चिडण्यातूनही बरंच कळतं.

दुसरी गोष्ट अधिक सोपी आहे. हा कागद फेकू नका. बघायला गेलात, टोकन दिलंत, तर ज्या पत्रकावरून गेलात ते जपून ठेवा. मागे पेन्सिलीने तारीख लिहा, कोणी दिलं ते लिहा, तोंडी काय सांगितलं तेही लिहा. कलम १२चा आधार घ्यायचा असेल तर माझ्याकडे असा कागद आला होता हे दाखवावं लागतं. करार आपण लॉकरमध्ये ठेवतो आणि पत्रक रद्दीत देतो, आणि वाद बहुधा रद्दीत गेलेल्या कागदावरच्या ओळीचाच असतो.

आम्हाला याचा दुसराही उपयोग दिसतो. पुस्तकं, वर्तमानपत्रं ग्रंथालयात जातात. ही पत्रकं सहसा कुठेच जात नाहीत. पन्नास वर्षांनी कोणाला लिहायचं असेल की सोयगावची माणसं शहराकडे कशी गेली, त्यांना घराची कोणती स्वप्नं दाखवली गेली, कोणत्या वर्षी चौरस फुटाचा काय भाव होता, कोणत्या शेताचं कोणतं ‘नगर’ झालं, तर त्याला साधन काय? गावच्या वाचनालयाने एक खोकं ठेवलं आणि ज्यांच्याकडे जुनी पत्रकं असतील त्यांनी ती आणून टाकली, तरी पुष्कळ होईल. वराहदेवाचा शब्द दगडात होता म्हणून दीड हजार वर्षांनी आपण तो पडताळून बघू शकतो. या कागदांना तेवढं आयुष्य नाही. ते आपणच द्यायचं आहे.

तेव्हा घरी गेल्यावर कपाटाची फळी जरा उचलून बघा. खाली अंथरलेल्या कागदावर एखाद्या इमारतीचं चित्र असेल. ती इमारत आज जागेवर आहे का, आणि असली तर त्या चित्रासारखी आहे का, एवढं तपासा आणि आम्हाला कळवा.